दहा पायांचं घर

आमच्या घरात तेव्हा एकूण दहा पाय होते. बाबांचे दोन, आईचे दोन, माझे दोन आणि साहेबांचे चार. त्यांतल्या साहेबांच्या चार पायांची काळजी सगळं घर घ्यायचं. बाबांचे दोन पाय संध्याकाळी ऑफिसातून आले की पलंगावर चढायचे आणि त्यांच्यापाशी चहा आपोआप यायचा, म्हणजे त्यांचीही सोय लागलेली होती. माझे दोन सोळा वर्षांचे होते, त्या वयात पायांना काही होत नसतं. राहिले आईचे दोन. ते सारखे चालत असायचे म्हणून कुणाला दिसायचे नाहीत. ज्या उन्हाळ्यात आईच्या डाव्या पायाचा अंगठा जाता जाता राहिला, त्या उन्हाळ्याबद्दल मला लिहायचं आहे. ही हकीकत बाबा पाहुण्यांना सांगायचे तेव्हा ती फार वेगळी असायची. बाबा आता नाहीत, त्यामुळे मध्येच हात वर करून ‘थांब, मी सांगतो’ म्हणायला कुणी येणार नाही. तेवढ्यात लिहून टाकते.

साहेब म्हणजे आमचा गिनीपिग. बाबांचे एक मित्र कोराडीच्या वीज केंद्रात होते आणि तिथल्याच कॉलनीत राहायचे. त्यांच्या मुलाने हट्टाने आणलेला हा प्राणी, मुलगा पुण्याला शिकायला गेल्यावर घरात कुणालाच नकोसा झाला आणि ‘आठ दिवस ठेवून घ्या’ म्हणून टमाटरच्या खोक्यात बसून आमच्याकडे नागपुरात मानेवाड्याला आला. ते आठ दिवस पाच वर्षं चालले. आला तेव्हा तो राखाडी रंगाचा आहे असा आमचा समज होता. आईने ओल्या फडक्याने पुसून काढल्यावर खालून पांढरा आणि बदामी निघाला, वरची सगळी कोराडीची राख होती. नाव बाबांनी ठेवलं. बाबा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि आयुष्यातला एकही सूड त्यांना ऑफिसात घेता आला नव्हता, म्हणून ते घरी घ्यायचे. “दिवसभर एका जागी बसते,” ते म्हणाले, “टायमावर खाते, अन् कोनी दार उघडलं का वरडते. आमच्या साहेबात अन् याच्यात फरक काय हाये?” पण गंमत अशी की नाव एकदा पडल्यावर बाबांच्या तोंडात आपोआप अदब आली. ‘साहेब जेवले का’, ‘साहेब झोपून राहिले, टीव्हीचा आवाज कमी कर’. घरात आदरार्थी बहुवचन दोघांनाच लागायचं, एक बाबांना आणि एक साहेबांना.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. सकाळी फ्रिजचं दार उघडलं की साहेबांची शिट्टी सुरू व्हायची. प्लास्टिकची पिशवी कुठेही वाजली, अगदी बाबांनी औषधाची पुडी काढली, तरी शिट्टी. आई कोथिंबिरीची जुडी, म्हणजे आमच्याकडे म्हणतात ती सांबाराची जुडी, निवडायला बसली की काड्या साहेबांना आणि पानं आम्हाला. मग भाकरी थापल्याचा आवाज, ठेचा रगडल्याचा आवाज, आणि होळी झाली की या सगळ्यावर पसरायचा तो कूलरचा घुमणारा आवाज, जो जूनच्या शेवटापर्यंत थांबायचा नाही. खिडकीतल्या त्या लोखंडी कूलरमध्ये दर दोन तासांनी पाणी भरावं लागे. नळ मोरीत होता, कूलर समोरच्या खोलीत, आणि मधलं अंतर आई बादली घेऊन चालायची. नळी लावली असती तर काम झालं असतं. बाबांनी एकदा नळी आणलीही होती, ती चार हात कमी पडली, आणि ‘मोठी आनतो’ हे वाक्य पुढे पाच उन्हाळे पुरलं. बादली हिंदकळायची, फरशीवर पाणी सांडायचं, आणि आई त्या ओल्यातून दिवसभर ये-जा करायची. आम्ही कूलरसमोर पाय पसरून कैरीचं पन्हं प्यायचो आणि म्हणायचो, आई, हवा गरम येऊन राहिली, पाणी संपलं वाटते.

आईचे पाय मात्र आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वस्तीत, प्रसिद्ध होते. दर वर्षी एप्रिल-मे मध्ये गच्चीवर कुरड्या, पापड, शेवया व्हायच्या. खाण्याच्या वस्तूंजवळ चप्पल घालून जायचं नाही हा आमच्याकडचा नियम, त्यामुळे बायका पहाटे अनवाणी चढायच्या आणि ऊन तापायच्या आत पळत खाली यायच्या. नागपूरची मे महिन्यातली गच्ची सकाळी दहाला काय चीज असते ते ज्याने पाय ठेवलाय त्यालाच कळेल. आई त्या गच्चीवर भर बाराला जायची. कुरड्या उलटवायची, कावळे हाकलायची, खाली अंथरलेल्या साडीची टोकं विटांनी दाबायची आणि सावकाश जिना उतरून यायची. शेजारच्या बायका तोंडात बोट घालायच्या. दोन-तीन वर्षांपूर्वी तीसुद्धा इतरांसारखीच उड्या मारत खाली यायची, ही गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. बाबा तर पाहुण्यांसमोर हे प्रदर्शन मांडायचे. “आमच्या हिचे पाय लोखंडाचे हायेत. काही लागतच नाही तिले.” आई हसायची. तिच्याबद्दल घरात मोठ्याने बोलली जाणारी ही एकमेव चांगली गोष्ट होती, ती तरी तिने का नाकारावी?

तर साहेब म्हातारे झाले. दुपारभर एका कोपऱ्यात बसू लागले, शिट्टी बारीक झाली, नखं वाढून आत वळायला लागली. त्या उन्हाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात कोराडीच्या मित्राने बाबांना फोनवर सांगितलं की या प्राण्याला व्हिटॅमिन सी बाहेरून द्यावं लागतं, नाहीतर हाडं आणि कातडी खराब होते. बाबांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गावाचा अभिमान होता. व्हिटॅमिन सी, आणि तेही नागपुरात. त्या दिवसापासून साहेबांसाठी संत्र्यांची रास लागली. फोडी सोलून, बिया काढून, पांढऱ्या शिरा ओढून. आईला आयुष्यात कुणी संत्रं सोलून दिलं नसेल, आणि मी हे लिहिताना आठवून पाहते आहे, मीही दिलेलं नाही. हिवाळा संपेपर्यंत साहेबांचं वजन इतकं झालं की ते चालायचे तेव्हा पोट आधी पोचायचं.

मग उन्हाळा आला आणि बाबांनी साहेबांसाठी खास व्यवस्था केली. जुन्या कूलरचा पत्र्याचा ट्रे, त्यावर लोखंडी जाळी, जाळीवर कूलरच्या बाजूला लावतात ती खसची गादी, आणि ती दिवसातून चारदा ओली करायची. हे सगळं कूलरच्या बरोबर समोर. खसचा वास येतो, गार वारा येतो, साहेब डोळे मिटून बसतात. बाबा शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. नागपूरचा माणूस ज्याच्यावर प्रेम करतो त्याला कूलरसमोर बसवतो, याहून मोठा मान आमच्याकडे नाही. गादी ओली कोण करायचं हे वेगळं सांगायला नको. तीन आठवड्यांनी साहेब एक पाय उचलून बसू लागले. मी उचलून पाहिलं तर मागचे दोन्ही तळवे सुजलेले, कातडी लाल आणि चकचकीत, आणि उजव्या पायावर मसुराएवढी खपली. आईने आधी हळद लावली. साहेब खालून पिवळे झाले आणि दोन दिवस लग्नघरातल्या नवरदेवासारखे बसून राहिले, पण पाय काही सुधारला नाही.

दोन चौक सोडून रामटेके मॅडमचा जनावरांचा दवाखाना होता. त्या बुटक्या, मोठ्या आवाजाच्या, आणि कुणाचंही मन राखायची सवय नसलेल्या. साहेबांना टेबलावर उलटं धरून त्यांनी विचारलं, “याला बसवता कशावर?”

बाबांनी व्यवस्था सविस्तर सांगितली. खस कुठून आणली तेही सांगितलं.

“म्हणजे खाली जाळी, वर ओलं, आणि त्यावर हे वजन,” मॅडम म्हणाल्या. “काका, याचा तळवा नाजूक असतो. म्हातारा झालाय, एका जागी बसून राहतो. ओल्यात कातडी फुगते, फाटते, मग जखम आत जाते. हाडापर्यंत गेली की मग माझ्याच्याने काही होणार नाही.”

“पन मॅडम, उन्हाळा—”

“वारा लागू द्या. अंथरूण कोरडं पाहिजे. मऊ आणि कोरडं. आणि याला खायला काय देता?”

बाबांनी सांगितलं. मॅडमनी संत्री बंद केली. शिमला मिरची द्या म्हणाल्या, सांबार द्या, गवत भरपूर द्या. बाबा इतके दुखावले की घरी येईपर्यंत ऑटोत गप्प होते. चौकात ऑटो थांबला तेव्हा एवढंच म्हणाले, “या बाई नागपूरच्या नसतील.” त्या नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या होत्या, तीन पिढ्यांपासून.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला बाबा ‘पायांचा कार्यक्रम’ म्हणायचे. रोज संध्याकाळी सहाला साहेबांना मांडीवर घ्यायचं, मी टॉर्च धरायचा, कोमट मिठाच्या पाण्याने तळवे धुवायचे, कापडाने टिपून पूर्ण कोरडे करायचे, मॅडमनी दिलेलं मलम बोटाच्या टोकावर घेऊन पातळ लावायचं. बाबांनी यासाठी एक वही सुरू केली. चार पायांचे चार रकाने, पाचवा शेऱ्याचा. शेरे असे असायचे: ‘मागील उजवा, लाली कायम. सुधारणा अपेक्षित.’ ‘मागील डावा, समाधानकारक.’ ‘पुढील दोन्ही, दखल घेण्यासारखे काही नाही.’ खाली सही. पाणी कोमट करून आणायची आई. साहेबांखाली अंथरायला मऊ सुती काही हवं होतं, म्हणून आईच्या दोन जुन्या साड्या फाडून घड्या केल्या, त्या दिवसातून दोनदा बदलायच्या आणि धुवायच्या, तेही आईच. बाबा सही करायचे. एक दिवस आई वाटीतलं पाणी ठेवून जाताना दारात थांबली आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, “असं कोनी माहे पाय पाहिले असते तं मी बी शिट्टी मारली असती.” आम्ही हसलो. फार छान विनोद होता. बाबांनी तो ऑफिसातही सांगितला.

आता ते रक्त. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी पाहिलं तर समोरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर लाल ठिपके पडलेले. एकानंतर एक, बोटभर अंतरावर. मी किंचाळले, बाबा धोतर सावरत धावत आले, आणि दोघांनी एकाच वेळी एकच निष्कर्ष काढला.

“साहेबाचं रक्त हाये,” बाबा म्हणाले. “टॉर्च आन लवकर.”

साहेबांना उलटं केलं. चार पाय पाहिले, मग परत चार पाय पाहिले. नखं, ओठ, कान, शेपूट जिथे असायला हवं ती जागा. साहेब हातपाय झाडत होते आणि त्यांच्या अंगावर रक्ताचा थेंबही नव्हता. आई तोवर फडकं घेऊन आली, उकिडवी बसली आणि ठिपके पुसायला लागली.

“बीटाचं पानी सांडलं असंल,” ती म्हणाली. “कायले घाबरवून राहिले त्याले?”

बाबांना हे पटलं. बाबांना नेहमी पटायचं, जर पटवून घेतल्याने उठावं लागणार नसेल तर. पण मला पटायला नको होतं. त्या आठवड्याची भाजी मी आणली होती आणि तिच्यात बीट नव्हतं. दुधी होता, चवळीच्या शेंगा होत्या, कांदे होते. मी आईच्या मागे उभी होते, मला ठिपके दिसत होते, ते कुठे संपतात तेही दिसत होतं, आणि मी काही बोलले नाही. का नाही बोलले याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधलं. उत्तर इतकं साधं आहे की लाज वाटते. साहेब ठीक होते, आणि टीव्हीवर माझी मालिका लागली होती.

पुढच्या दहा-बारा दिवसांत साहेबांचा पाय सुधारत गेला आणि मलमाची ट्यूब मात्र भराभर संपू लागली. मॅडम म्हणाल्या होत्या महिनाभर जाईल, ती तिसऱ्या आठवड्यातच चपटी झाली. बाबांनी चौकशी बसवली. खरोखर बसवली. मला आणि आईला समोर उभं करून, वही उघडून, चष्मा नाकावर ओढून.

“रोज मुगाएवढं मलम, चार पाय,” ते म्हणाले. “मंग ट्यूब गेली कुठं? पोरी, तू चेहऱ्याले लावते काय? खरं सांग.”

मी खरंच दुखावले गेले. सोळाव्या वर्षी चेहऱ्यावर जे काही होतं त्यासाठी मी बरंच काही लावायचे, पण गिनीपिगचं मलम लावण्याइतकी वेळ आली नव्हती.

“तिले काहून बोलता,” आई म्हणाली. “मी लावून राहिले.”

“तू? कायले?”

“जरासं कापलं. साड्याच्या घड्या बदलता बदलता त्या ट्रेचा पत्रा लागला अंगठ्याले. जाते बरं होऊन.”

“अवं, जनावराचं औषध हाये ते.”

“साहेबाचं म्हना न,” आई म्हणाली.

बाबांनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी पाहिलं, त्यांनी लिहिलं होतं, ‘ट्यूब नवीन आणणे.’ आईचा पाय पाहायला मागितला नाही. त्यांनीही नाही, मीही नाही. ती पदर सारखा करून आत गेली आणि थोड्या वेळाने बादली भरण्याचा आवाज आला.

मॅडमकडे जाताना आई सोबत आली ती केवळ योगायोगाने. ऑटोत साहेबांची टोपली मांडीवर धरायला कुणीतरी शांत माणूस लागायचं, माझ्या मांडीवर ते अंगावर करायचे. मॅडमनी साहेबांचे तळवे पाहिले, बोटाने दाबले, आणि पहिल्यांदाच बाबांकडे बघून बरं बोलल्या. “छान ठेवलेत पाय. नवी कातडी आली.” बाबांनी नवीन ट्यूब मागितली आणि वही पुढे केली. मॅडमनी ती पाहिली नाही. त्यांनी विचारलं, “मग ट्यूब इतक्यात कशी संपली?”

बाबा हसायला लागले. त्यांना वाटलं, चांगला किस्सा आहे. “आमच्या हिनं लावलं न मॅडम, सोताच्या अंगठ्याले. म्हनते साहेबाचं औषध हाये, चांगलंच असंल. तसं हिले काही होत नाही म्हना, हिचे पाय लोखंडाचे हायेत. मे महिन्यात बारा वाजता गच्चीवर अनवाणी चालते, काही लागत नाही.”

मॅडमनी साहेबांना टोपलीत ठेवलं. झाकण लावलं.

“लागत नाही म्हणजे?” त्यांनी आईला विचारलं.

“लागत नाही म्हंजे... नाही लागत,” आई म्हणाली. तिला कौतुक होतंय असं वाटून ती थोडी लाजली होती. “आधी लागे. आता नाही.”

“कधीपासून?”

“होतील दोन-तीन वर्षं.”

“ताई, चप्पल काढा. पाय इथे ठेवा.”

“इथं? टेबलावर? ते जनावराचं—”

“ठेवा.”

आईने इकडेतिकडे पाहिलं, साडी घोट्यापर्यंत धरली, स्टुलावर बसून डावा पाय वर ठेवला. अंगठ्यावर तिने चिंधी बांधली होती. ती माझ्या जुन्या शाळेच्या युनिफॉर्मची होती, मी ओळखली. मॅडमनी ती सोडली. वास आला. आत काय होतं ते मी लिहिणार नाही, एवढंच लिहिते की अंगठ्याचं टोक काळं होतं आणि ते कापण्याच्या जखमेचं काळं नव्हतं. बाबा दाराकडे पाहायला लागले.

“डोळे मिटा,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचं पेन घेतलं. “मी टोचलं की सांगायचं.”

आईने आज्ञाधारकपणे डोळे मिटले. मॅडमनी टाचेवर टोचलं. मग मधल्या तळव्यावर, चवड्यावर, करंगळीखाली. इतक्या जोरात की कातडीवर निळे ठिपके उमटले. आई तशीच बसून होती, डोळे घट्ट मिटलेले, हात मांडीवर, परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “टोचा न मंग.”

टोपलीत साहेब सांबाराची काडी खात होते, त्याचा कुरकुर आवाज येत होता.

“मी जनावरांची डॉक्टर आहे,” मॅडम बाबांना म्हणाल्या, आणि त्यांचा मोठा आवाज एकदम खाली आला होता. “पण हे मला कुत्र्याच्या पायात दिसलं असतं तरी मी घाबरले असते. यांची साखर तपासलीय कधी? नाही ना? आत्ता जा. घरी जाऊ नका, इथूनच जा. टोपली राहू द्या इथे.”

साखर इतकी निघाली की मोठ्या दवाखान्यातल्या मुलाने यंत्र बदलून परत तपासली. सर्जन तरुण होते आणि घाईत होते. ते म्हणाले, नसा मेल्या आहेत, म्हणून लागत नाही. पाय सतत ओला असतो का? ओल्यातली जखम भरत नाही. अंगठ्याचं टोक गेलंय, दहा दिवस औषधं देऊन पाहू. चढत गेलं तर अंगठा कापावा लागेल, त्यापुढचं आत्ता बोलायला नको. हे ऐकून आई बाबांकडे वळून म्हणाली, “गच्चीवरच्या कुरड्या उचला. संध्याकाळी वारा सुटते.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिने बोलायला कुरड्या निवडल्या. बाबा ‘हाव, हाव’ म्हणत उठले, तीन पावलं गेले आणि भिंतीला धरून उभे राहिले.

ते दहा दिवस मी स्वयंपाकघरात उभी होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या टाचांतून कळा निघाल्या आणि मी ओट्याला टेकून रडले. कळा होत्या म्हणून नाही, तर त्या मला दुसऱ्याच दिवशी जाणवल्या होत्या आणि आईला त्या कधीतरी होत असणार, आणि मग एके दिवशी थांबल्या असणार, आणि आम्ही त्या थांबण्याचं कौतुक करत होतो, म्हणून. मी गच्चीवर कुरड्या आणायला गेले ती चप्पल घालूनच. बाबांनी नियमाबद्दल अक्षर काढलं नाही. आणि हो, मोठी नळी. पाच उन्हाळे न आलेली नळी आई दवाखान्यात गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आली. दुकान चौकातच होतं.

रोज सकाळी सर्जन पट्टी सोडायचे आणि आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे पाहायचो. सातव्या दिवशी ते म्हणाले, खाली उतरतंय. दहाव्या दिवशी म्हणाले, वाचला. टोकाची कातडी आणि नख गेलं, ते नख परत कधी आलं नाही. आई आजही त्या अंगठ्याला ‘टकल्या’ म्हणते. ती आता मऊ तळव्याची जाड चप्पल घालते, घरात, बाहेर, आणि गच्चीवर कुरड्यांच्या अगदी कडेपर्यंत. मीही घालते. माझी मुलगी माझ्या चपलेला हसते. हसू दे.

साहेब पुढच्या थंडीत गेले, वयानेच. शेवटपर्यंत त्यांचे तळवे गुलाबी आणि कोरडे होते. बाबांनी वहीत शेवटचा शेरा ‘चारही पाय उत्तम’ असा घातला आणि सही केली. नंतर अनेक वर्षं ते पाहुण्यांना सांगत, की ‘मी गिनीपिगच्या मलमाची चौकशी लावली म्हणून हिचा अंगठा वाचला’. चौकशी लावली होती हे खरं आहे. आई तेव्हा चहा आणायला आत जायची.

पण आई दवाखान्यातून घरी आली ती संध्याकाळ मला सांगायची आहे. सर्जननी बजावलं होतं, रोज दोन्ही पाय तळव्यापासून पाहायचे, त्यांना कळणार नाही, दुसऱ्या कुणीतरी पाहिले पाहिजेत. सहा वाजले. साहेबांनी सवयीने शिट्टी मारली. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वही घेतली, नवीन पान काढलं आणि दोनच रकाने आखले. आई खुर्चीत बसली होती. बाबांनी पाट ओढला आणि खाली बसले. मी त्यांना आईपेक्षा खाली बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं, सत्यनारायणालासुद्धा दोघांचे पाट सारखे असायचे. मी कोमट पाणी आणलं. त्यांनी तिचा उजवा पाय हातात घेतला, कसा धरायचा ते न कळून जरा वेळ तसाच धरला, धुतला, बोटांच्या बेचक्यांतून कापड फिरवून टिपला. तळव्याला भेगा होत्या, जुन्या, काळ्या पडलेल्या, काहींत अजून फरशीची माती होती. गच्चीवर भाजल्याचे डाग होते, फिकट, एकावर एक. त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि मी टॉर्च दिला. ते बराच वेळ पाहत राहिले.

“दिसून राहिलं काय?” आईने विचारलं.

“हाव,” बाबा म्हणाले.

“मंग इतके दिवस काहून नाही दिसलं?”

तिने हे रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाबा मान खाली घालून बसले होते, टॉर्च तळव्यावर तसाच होता. नवी नळी कूलरमध्ये पाणी सोडत होती. बाबांनी तो पाय हळूच कापडावर ठेवला आणि दुसरा उचलला.